‘आणि’ काढून टाका : लोहगडावर फोटोचा पहिला धडा

पहिल्यांदा कॅमेरा घेऊन लोहगडावर गेलो तेव्हा चारशेच्या वर फोटो घेऊन आलो. रात्री आईला दाखवायला बसलो. तिनं आठ-दहा पाहिले, चष्मा सारखा केला आणि विचारलं, “ह्यात बघायचं काय?” मी परत स्क्रीनकडे बघितलं. आभाळ होतं, गवत होतं, तटबंदी होती, खाली पवना धरणाचं पाणी होतं, मित्राची पाठपिशवी होती आणि कोपऱ्यात कुणाच्या तरी हातातला वेफर्सचा पुडाही होता. बघायचं काय, ते मात्र मी ठरवलंच नव्हतं.

मराठीत आपण फोटो ‘काढतो’. चित्र काढतो तसा, आणि पायातला काटा काढतो तसाही. मला यातला दुसरा अर्थ जास्त उपयोगी पडला. घराबाहेर मोकळ्यावर उभं राहिलं की डोळ्यांसमोर इतकं असतं की त्यातलं काय काढून टाकायचं, हेच मुख्य काम होऊन बसतं. कंपोझिशन कंपोझिशन (म्हणजे चौकटीतली मांडणी) म्हणतात ते बरंचसं हेच. या लेखात तेवढंच शिकायचं आहे, एका गडावर, एका दिवसात. महाग कॅमेरा लागणार नाही. फोन चालेल, चुलत्याकडून मागून आणलेला जुना डीएसएलआर चालेल.

लोहगड निवडला कारण तो सोपा आहे. उंची १,०३३ मीटर, पण वरपर्यंत पायऱ्या. पुणे-लोणावळा लोकलनं मळवलीला उतरायचं. मुंबईकरांनी लोणावळ्याला येऊन पुण्याकडे जाणारी लोकल पकडायची, पुढचंच स्टेशन. आणि एका दिवसात नवशिक्याला लागणारं जवळजवळ सगळं इथे मिळतं: वळणावळणाचा तट, एकामागून एक दरवाजे, तळं, लांबलचक डोंगरसोंड, मागे सह्याद्रीचे पदर, आणि उतरल्यावर पायथ्याला भाज्याची लेणी. २०२५ साली मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात हाही आहे. साहजिकच गर्दी असते. रविवार टाळा. पावसाळाही पहिल्या धड्याला नको. धुक्यात हात दिसत नाही आणि पायऱ्यांवर माणसाला माणूस लागतो. ऑक्टोबर ते जानेवारीतला मधला वार बरा. तिकीट आणि जाण्यायेण्याच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या.

पायरी १ : आदल्या रात्री घरी

फोन असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड सुरू करा. स्क्रीनवर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा येतील. उद्या त्यांचा पहिला उपयोग क्षितिज सरळ ठेवायला. मग भिंग पुसा. ‘माझ्या फोनचे फोटो धुरकट येतात’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं दुखणं सुती रुमालानं बरं होतं.

कॅमेरा असेल तर त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स पुरे. तिची कडी ३५ वर आणा आणि वर चिकटपट्टी लावून टाका. खरंच लावा. छोट्या सेन्सरच्या (फिल्मच्या जागी उजेड टिपणाऱ्या भागाच्या) कॅमेऱ्यावर ३५ म्हणजे जुन्या फिल्म कॅमेऱ्यावरची साधारण ५० ची लेन्स. झूम फिरत नसला की पाय हलायला लागतात, आणि उद्या आपल्याला पायच हलवायचे आहेत. फोनवाल्यांनीही दोन बोटांनी चित्र मोठं करायचं नाही. मुख्य कॅमेरा, एकपट, बस्स. कॅमेरावाल्यांसाठी मोड ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र तुम्ही ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो), छिद्र एफ/८, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील, तो आकडा) २००. दरवाज्याखालच्या सावलीत शटर १/६० सेकंदापेक्षा हळू व्हायला लागलं तर आयएसओ ८०० करा. एवढ्यावर बटणांचा अध्याय संपला.

ट्रायपॉड घरी ठेवा. लोहगड आणि भाजे दोन्ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं आहेत, ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते. ड्रोनचं तर नावच काढू नका.

शेवटची अट: दिवसभरात फक्त ३६ फोटो. फिल्मच्या रोलमध्ये तेवढेच असायचे. जागा संपत नाही म्हणून आपण बोट दाबत सुटतो आणि ठरवायचं काम घरी गेल्यावर करू म्हणतो. ते घरी कधीच होत नाही, माझ्या हार्ड डिस्कला विचारा.

पायरी २ : लग्नपत्रिकेची खिडकी

घरात जाड पुठ्ठ्याची एखादी लग्नपत्रिका पडलेली असतेच. तिच्यात ब्लेडनं ९ बाय ६ सेंटिमीटरची खिडकी कापा. एक डोळा मिटून ती दुसऱ्या डोळ्यासमोर साधारण १३ सेंटिमीटरवर धरली की ३५ वर चिकटवलेली तुमची लेन्स जे बघणार तेवढं दिसतं. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यासाठी चार बोटांच्या अंतरावर धरा. हात पूर्ण लांब केलात तर लांब पल्ल्याच्या लेन्सनं दिसतो तसा दूरच्या डोंगराचा एक तुकडा दिसेल.

मळवली स्टेशनातून भाज्याकडे निघालं की थोड्या वेळात एक्स्प्रेसवेवरचा पूल लागतो. पहिला अभ्यास तिथेच करा. कॅमेरा पिशवीतच राहू द्या. खिडकीतून आजूबाजूला बघा आणि दिसेल त्याचं एक वाक्य मोठ्यानं म्हणा: ‘हा फोटो अमक्याचा आहे.’ लोक बघतील, बघू देत.

बहुतेक तुमचं वाक्य असं येईल: ‘हा फोटो डोंगराचा आणि रस्त्याचा आणि विजेच्या तारांचा आणि ढगांचा आहे.’ आता एकेक ‘आणि’ काढायचा. खिडकी वर केली की रस्ता गेला. चार पावलं सरकलं की तारा गेल्या. उरलं डोंगर आणि ढग. इथपर्यंत येणं पहिल्या दिवसाच्या मानानं पुष्कळ झालं, पण अजून एक ‘आणि’ शिल्लक आहे, आणि त्याच्याकडे जरा नीट बघायला हवं.

दोन गोष्टी चौकटीत ठेवायच्या असतील तर त्यांच्यात ‘आणि’ सोडून दुसरं काही नातं हवं. शाळेत आपण विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं पाठ केली, ती इथे कामाला येतात. ‘डोंगर आणि ढग’ ही यादी झाली. ‘डोंगरावर ढग’, ‘ढगातून डोंगर’, ‘ढगाखाली डोंगर’ हे तीन वेगवेगळे फोटो आहेत. प्रत्येकासाठी तुम्हाला वेगळ्या ठिकाणी उभं राहावं लागेल, नाहीतर थांबावं लागेल. वर, खाली, मागे, पुढे, तून, पलीकडे. दिवसभर हेच शब्द तोंडात ठेवा. मला कुणी एका वाक्यात कंपोझिशन शिकव म्हणालं तर मी एवढंच सांगतो.

पायरी ३ : तटाच्या वळणावर

लोहगडवाडीपर्यंत चालत दीड-दोन तास. तिथून पायऱ्या सुरू होतात आणि ओळीनं चार दरवाजे लागतात: गणेश, नारायण, हनुमान आणि शेवटी महादरवाजा. सगळे वर बघत चढत राहतात. तुम्ही अधूनमधून मागे वळून बघा. वरच्या दरवाज्यांपर्यंत पोचल्यावर खाली पाहिलं की आपण आलो ती वाट तटाबुरुजांमधून सापासारखी वळत खाली गेलेली दिसते. लोहगडाचा सगळ्यात जास्त काढला जाणारा फोटो हाच, आणि म्हणूनच तो शिकायला चांगला.

इथे एकाच जागी तीन फोटो घ्यायचे, घाई न करता.

पहिला, जसे उभे आहात तसाच. बघा काय आलं: खाली वळणारा तट, त्याच्यापलीकडे वाडीतल्या घरांचे निळे-पांढरे पत्रे, उन्हात चमकणाऱ्या गाड्यांच्या काचा, आणि वरती पांढरंफटक आभाळ. डोळा पहिल्यांदा कुठे जातो? काचेवर. माणसाचा डोळा उजेडाकडे धावतो, त्याला तुमच्या तटाशी देणंघेणं नसतं.

दुसऱ्या फोटोला कॅमेरा थोडा खाली झुकवा. आभाळ गेलं. आता कडेपासून कडेपर्यंत दगड आणि वाट. पण पत्रे अजून उजव्या वरच्या कोपऱ्यात आहेतच.

तिसऱ्याला पाय हलवा. दोन पावलं डावीकडे, मग गुडघ्यावर बसा, मग पुन्हा उभे राहा, एखादी पायरी उतरा. एका क्षणी बुरूज पत्र्यांच्या आड येतो आणि तो कोपरा साफ होतो. हे घडताना स्क्रीनवर बघा, कारण एका पावलानं पुढचं किती सरकतं आणि मागचं किती कमी सरकतं हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुन्हा कुणी सांगावं लागत नाही. झूमनं हे होत नाही. झूम सगळ्यालाच सारखं मोठं करतो. काय कशाच्या आड जाणार, हे तुमचे पाय ठरवतात.

आता रेघेकडे बघा. तटाची रेघ चौकटीच्या खालच्या कडेतून आत येते, डोळ्याला बोट धरून वळणावळणानं नेते आणि... कुठे सोडते? वळणाच्या शेवटी काही नसेल तर डोळा तिथून चौकटीबाहेर पडतो. म्हणून थांबायचं. पाच मिनिटांत कुणीतरी येतंच. शाळेची सहल आली तर जाऊ द्या, गर्दीचा फोटो वेगळा. एकटा माणूस वळणावर आला, त्याचं पाऊल उचललेलं दिसलं, की दाबा. लाल किंवा पिवळा शर्ट असेल तर तुमचं नशीब. काळ्या दगडात तो नखाएवढा ठिपका तट केवढा मोठा आहे ते सांगून जातो. वाक्य काय झालं? ‘तटाच्या वळणावर माणूस.’ एकही ‘आणि’ नाही.

मी इथे एकदा चाळीस मिनिटं थांबलो होतो. बरोबरचे मित्र पुढे जाऊन डबा खाऊन मोकळे झाले. फोटोच्या नादाला लागायचं तर एकट्यानं जा, किंवा तितकाच नाद असलेल्याबरोबर.

पायरी ४ : दारातून

दरवाज्याच्या कमानीखाली, सावलीत उभे राहा आणि बाहेर बघा. कमान ही आयती चौकट आहे. अडचण उजेडाची: आत अंधार, बाहेर लख्ख ऊन, आणि कॅमेऱ्याला दोन्ही एकदम नीट दाखवता येत नाही. नवशिका दोन्ही वाचवायला जातो आणि दोन्ही घालवतो. एक काढून टाका. फोनवर बाहेरच्या उजेडावर बोट ठेवा आणि येणारा छोटा सूर्य खाली ओढा. कॅमेऱ्यावर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) उणे एक करा. कमान काळी होईल. होऊ द्या, तिचं काम चौकटीचं आहे, तिच्यातले दगड मोजायला कुणी येत नाही. आजचे फोन एचडीआर लावून ती सावली आपणहून उजळतात आणि मग सगळं एकसारखं सपाट दिसतं. ते बंद करता येत असेल तर या फोटोपुरतं बंद करा.

दारात माणूस उभा राहिला तर तो सावलीचित्र होतो. त्यावेळी चेहरा दिसत नाही, आकार दिसतो, म्हणून आकार ओळखू यायला हवा: हात अंगापासून थोडे सुटे, पायांमधून उजेड, चेहरा बाजूला वळलेला. समोर तोंड करून हात खिशात घातलेला माणूस सावलीत दुधाच्या कॅनसारखा दिसतो.

आणि इथून पुढे प्रत्येक फोटोला एक सवय लावा. शटर दाबण्याआधी नजरेनं चौकटीच्या चारही कडांना एक प्रदक्षिणा घाला. मधली मूर्ती सगळेच बघतात, घोटाळे कडेला असतात: अर्धी फांदी, कापलेला हात, पाण्याची बाटली, स्वतःचाच कॅमेऱ्याचा पट्टा. दोन सेकंदांचं काम आहे.

वाटेत एक मावशी ताक विकत बसल्या होत्या. त्यांच्या मागून तटाची रेघ छान जात होती म्हणून मी कॅमेरा उचलला. त्या म्हणाल्या, “गडाचा काढतोयस का माझा?” मी म्हटलं, “तुमचाच, चालेल ना?” “मग थांब, पदर नीट करू दे. आणि आधी ताक घे.” ताक घेतलं, फोटो काढला. घरी बघतो तर मागच्या तटाची रेघ बरोबर त्यांच्या कानातून आरपार गेलेली. वीतभर खाली बसलो असतो तर डोकं मोकळ्या आभाळात आलं असतं. माणसाच्या डोक्यामागे क्षितिज, खांब किंवा झाड उगवलंय का, हे ताक पिण्याआधी बघायचं. विचारायचं मात्र नेहमी. नको म्हणाले तर नको.

पायरी ५ : तळ्यातलं आभाळ, आणि तृतीयांशाचा नियम

माथ्यावर नाना फडणविसांनी बांधलेलं सोळाकोनी तळं आहे. वारा पडलेला असेल तर त्यात आभाळ उतरतं.

आता त्या ग्रिडबद्दल. रूल ऑफ थर्ड्स तुम्ही ऐकला असेलच: चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करा आणि महत्त्वाची गोष्ट मधोमध न ठेवता रेघांवर किंवा त्या छेदतात तिथे ठेवा. या नावानं तो पहिल्यांदा लिहिला जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकारानं, १७९७ साली, आणि तोही रंगवलेल्या निसर्गचित्रांबद्दल. फोटोग्राफी तेव्हा जन्माला यायची होती. नियम उपयोगी आहे, कारण नवशिका सगळं मधोमध ठेवतो आणि क्षितिजानं चित्राचे दोन सारखे तुकडे करतो. क्षितिज वर घ्यायचं की खाली, हे ठरवताना तो तुम्हाला विचारायला लावतो की तुमचा फोटो जमिनीचा आहे की आभाळाचा. जमीन सांगण्यासारखी असेल तर क्षितिज वरच्या रेघेवर. ढग भरून आलेत तर खालच्या. आभाळ नुसतं पांढरं असेल तर मी ते अजिबात घेत नाही.

पण तळ्याशी नियम बाजूला ठेवा. पाण्याला जितकं जवळ जाता येईल तितकं जा, कॅमेरा काठाच्या दगडाच्या उंचीवर आणा आणि पाण्याची कड बरोबर मधोमध घ्या. वर जेवढं आहे तेवढंच खाली. इथे अर्धे-अर्धे तुकडे हाच विषय आहे. मग उभे राहून त्याच जागेवरून पुन्हा बघा: प्रतिबिंब बदललेलं असेल, तळाचं शेवाळ दिसायला लागलं असेल. उंची बदलली की वाक्य बदलतं. ‘पाण्यात आभाळ’चं ‘पाण्याखाली शेवाळ’ होतं.

पायरी ६ : विंचूकाटा

गडाची एक सोंड वायव्येकडे लांबच लांब गेली आहे, सुमारे दीड किलोमीटर, आणि रुंदीला अगदी चिंचोळी. वरून विंचवाच्या नांगीसारखी दिसते म्हणून विंचूकाटा. गडाच्या बाजूनं कड्याशी आलं की ती समोर पसरलेली असते. इथे अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवून या. आणि आता लेन्सवरची चिकटपट्टी काढायची परवानगी आहे.

आधी कॅमेरा न काढता बसा. वारा खूप असतो, टोपी सांभाळा. खिडकीतून बघा. सोंडेची रेघ डोळ्याला थेट टोकापर्यंत नेते, त्यामुळे पहिला मोह होतो ती बरोबर मधोमध घेऊन खटकन दाबायचा. तसा एक घ्या. मग तुमच्या उजवीकडे दहा पावलं चाला आणि पुन्हा बघा: रेघ तिरकी झाली, आणि तिच्या कडेचा उतार दिसायला लागला. सरळ समोरून सोंड एक पट्टी दिसते, बाजूनं तिला पोट आणि पाठ दोन्ही येतात.

दुसरी गोष्ट खोलीची. फोटो सपाट कागद आहे. डोळ्याला खोली वाटायला लावायची असेल तर जवळ काहीतरी, मध्ये काहीतरी आणि लांब काहीतरी लागतं. लांबचं आहेच, मधली सोंडही आहे. जवळचं शोधा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेलात तर सोनकीची पिवळी फुलं अजून शिल्लक असतात; नंतर सोनेरी वाळलेलं गवत. लेन्स १८ वर आणा, गवताशी पोटावर झोपा, कपडे मळतील. एफ/८ ला आणि १८ मिलिमीटरला साधारण दोन मीटरवर फोकस केलात की एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं रेखीव येतं. फोनवर हे आपोआप होतं, फक्त अगदी नाकाला लागेल इतकं जवळ जाऊ नका. गवत मात्र विषयाला झाकायला लागलं तर ‘गवतामागे विंचूकाटा’चं नुसतं ‘गवत’ होईल. एक वीत वर-खाली करून बघा.

आता उलट करा. लेन्स ५५ वर न्या आणि सोंड विसरून मागच्या डोंगरांकडे वळवा. थंडीतल्या सकाळी दऱ्यांमध्ये हवा धुरकट असते, त्यामुळे जवळची रांग गडद, तिच्यामागची निळसर, त्याच्यामागची फिकट आणि शेवटची जवळजवळ आभाळात विरलेली. चित्रकार हे पदर पातळ रंगांनी करतात. इथे हवाच ते काम करते. जमिनीचा एकही तुकडा घेऊ नका, नुसते पदर. दक्षिणेला तुंग आणि तिकोना हे किल्ले ओळखू येतात, मध्ये पवनेचा जलाशय. तुंगाचा सुळका चौकटीत कुठे ठेवला तर बरा दिसतो, हे ग्रिडवर चार ठिकाणी सरकवून बघा. मला तो एका बाजूच्या उभ्या रेघेवर आवडतो, पाण्याला दुसऱ्या बाजूला मोकळी जागा मिळते. तुम्हाला वेगळं वाटलं तर तुमचं खरं.

आणि एक ताकीद. सोंडेवर उतरायला एक अवघड टप्पा आहे, ओला असेल तर घसरतो. चौकट बघत मागे-मागे सरकायचं नाही. सरकायचं असेल तेव्हा कॅमेरा डोळ्यापासून काढायचा, पायाखाली बघायचं, उभं राहायचं, मग पुन्हा डोळा लावायचा. कड्यावर मी हा नियम स्वतःलाही मोठ्यानं सांगतो.

पायरी ७ : भर दुपारी

साडेअकरा ते तीन आभाळातून ऊन सरळ डोक्यावर येतं, चेहऱ्यांवर डोळ्यांच्या जागी खड्डे पडतात आणि डोंगर सपाट दिसतात. निसर्गचित्रं काढू नका. डबा खा. फार हात शिवशिवत असतील तर उभ्या भिंतींकडे जा: त्यांच्यावर वरून घासत येणारं ऊन छिन्नीची प्रत्येक खूण दाखवतं. फोन कृष्णधवल करून बघा, रंग गेला की फक्त आकार आणि सावली उरते. माकडांपासून डबा लपवा. मग उतरायला लागा, कारण संध्याकाळचं ऊन आपल्याला खाली हवंय.

पायरी ८ : भाजे, आणि सरळ न करायचे खांब

भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, आणि पश्चिमेकडे तोंड करून आहेत. म्हणून सकाळी जाताना ती ओलांडून पुढे गेलो. चारच्या सुमाराला ऊन समोरून येतं, चैत्यगृहाची, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाची, घोड्याच्या नालासारखी भली मोठी कमान उजळते आणि आतल्या स्तूपापर्यंत उजेड पोचतो. बंद व्हायची वेळ विचारून ठेवा, रखवालदाराला हाकलायला लावू नका.

दिवसभर मधोमध टाळायला शिकलात, इथे मधोमध उभे राहा. अगदी मध्यावर. दोन्ही बाजूंच्या खांबांच्या रांगा सारख्या दिसेपर्यंत बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरका. दोन्हीकडे सारखं असणारं चित्र अर्धवट चुकलं तर नुसतं चुकलेलंच दिसतं, त्यामुळे इथे चिकाटी लागते. छतात कमानीच्या लाकडी फासळ्या आहेत, बावीसशे वर्षांच्या आसपासच्या. एकामागून एक जाणाऱ्या त्या वक्र रेघा डोळ्याला स्तूपाकडे ढकलतात.

आता खांब नीट बघा. ते आतल्या बाजूला झुकलेले आहेत. तुमचा कॅमेरा तिरका नाही. २७ खांब आहेत आणि ते कोरतानाच तसे कललेले कोरले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार पेलायला खांब तसे रोवत, आणि दगडात कोरणाऱ्यांनी गरज नसतानाही तीच पद्धत उचलली. कॅमेरा वर उचलला की सरळ इमारतीही वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकल्यासारख्या दिसतात, हे तुम्हाला माहीत असेल. इथे दोन्ही झुकाव एकत्र येतात. म्हणून कॅमेरा जमिनीला समांतर धरा, वर-खाली झुकवू नका. मग जो कल उरेल तो खरा. मी पहिल्या वेळी घरी जाऊन ॲपमध्ये ते खांब मोठ्या कष्टानं सरळ केले आणि वर एका जाणकाराला अभिमानानं दाखवले. तो इतकंच म्हणाला, “कारागिरांची चूक सुधारलीस वाटतं.”

पुढे थोड्या अंतरावर छोट्या स्तूपांचा एक घोळका आहे, एकूण चौदा. काही सावलीत, काही बाहेर. तुमचे ३६ पैकी चार-पाच फोटो इथे ठेवा. सारख्या आकारांच्या गर्दीत आधी सगळे घ्या, मग तीन, मग एक. तिघांत कुणी कुणाला चिकटलेलं दिसता कामा नये. दोघांमध्ये उजेडाची एक तरी फट ठेवा. पाऊलभर सरकून ती मिळते.

पायरी ९ : परतीच्या लोकलमध्ये

खिडकी मिळाली तर उत्तम. फोटो काढून टाकायची घाई करू नका, फक्त एकेक उघडा आणि सकाळसारखं वाक्य म्हणा, मनात. ज्यात ‘आणि’ येतो त्यावर काही खूण नको; ज्यात येत नाही त्यांना हार्ट मारा. ३६ मधून पाच-सहा निघाले तर दिवस फार चांगला गेला. माझे अजूनही तीन-चारच निघतात.

दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग संस्करण. तीनच गोष्टींना हात लावा: क्षितिज सरळ, कडेचं नको ते छाटणं, उजेड थोडा कमी-जास्त. आभाळ जांभळं करणारी पट्टी ॲपमध्ये असते; ती तिथेच राहू दे. छाटताना काढलेला भाग बघून स्वतःला विचारा, हे तिथे पायानं काढता आलं असतं का? उत्तर बहुतेक वेळा हो असतं, आणि पुढच्या वेळी कुठे उभं राहायचं ते त्यातून कळतं. मग एकेक फोटो घरातल्या कुणाला तीन सेकंद दाखवा, फोन उलटा ठेवा आणि विचारा, काय पाहिलंस? त्यांचं वाक्य तुमच्या वाक्याशी जुळतंय का बघा. कौतुक विचारू नका, ते आपली माणसं असंही करतात.

याच सहा जागा पुढच्या जुलैत, मधल्या वारी, पुन्हा करा. लेन्सवर हूड (भिंगाला आडोसा देणारी कड), कॅमेऱ्यावर रबरबँड लावलेली प्लास्टिकची पिशवी, खिशात कोरडा रुमाल आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या. एसी गाडीतून उतरलात तर भिंगावर वाफ धरते, पंधरा मिनिटं पुसू नका, आपोआप जाते. धुकं निम्म्या गोष्टी आधीच काढून टाकतं, त्यामुळे तुमचं काम सोपं होईल. तटाच्या वळणावरचा माणूस तर पावसाळ्यातच जास्त चांगला मिळतो, छत्रीसकट. फक्त पत्रिकेची खिडकी जाण्याआधी लॅमिनेट करून घ्या. माझी पहिली गणेश दरवाज्यापर्यंतच टिकली.